कडेवरचं पोर धरायचं का?

कायद्याच्या हिशेबात माणूस पहिल्या वाढदिवसाला प्रवासी होतो. १९५८ च्या ज्या मर्चंट शिपिंग अ‍ॅक्टवर आपल्या बोटी इतकी वर्षं चालल्या, त्यात बोटीवरचा प्रवासी कोण आणि कोण नव्हे, हे नीट सांगितलेलं होतं. कप्तान प्रवासी नव्हे, खलाशी नव्हे, भटारखान्यात कांदा चिरणारा नव्हे. हे समजण्यासारखं आहे. भर समुद्रात गटांगळ्या खाताना ज्याला दोर टाकून वर ओढलं, तोही प्रवासी नव्हे. त्याने तिकीट काढलेलं नसतं, आणि त्या घटकेला ते मागायला जाणं बरं दिसत नाही. आणि शेवटी एक वर्षाच्या आतलं मूल. अकरा महिन्यांचं पोर भोकाड पसरून अख्खी बोट डोक्यावर घेईल, शेजारच्या गृहस्थाच्या धोतरावर ओकेल, कप्तानाची टोपी ओढेल. पण प्रवासी म्हणून त्याची गणना नाही. सोलास नावाचा जो आंतरराष्ट्रीय करार देशोदेशी जाणाऱ्या बोटींना लागू आहे, त्यातही हेच आहे.

यातली गंमत पुढे आहे. बारापेक्षा जास्त प्रवासी नेणारी ती प्रवासी बोट, असाही नियम आहे. म्हणजे बारा आया आपली बारा तान्ही पोरं कडेवर घेऊन एखाद्या बोटीत चढल्या, तर ती प्रवासी बोट होत नाही. तिथे जो काय गोंगाट होईल त्याला कायद्यात वेगळं नाव नाही.

मी या भानगडीत पडण्याचं कारण जयगडची जंगलजेटी. सरकारी कागदावर तिला रो-रो फेरी म्हणतात, पण आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात ते नाव फक्त पर्यटक घेतात. शास्त्री नदीची खाडी, अलीकडे जयगड, पलीकडे तवसाळ, म्हणजे गुहागर तालुका. आमची आत्या हेदवीची. रस्त्याने जायचं तर सगळी खाडी वळसा घालून जावं लागतं, नि जंगलजेटीने गप्पांचा एक विषय पुरा व्हायच्या आत पलीकडचा धक्का येतो. गाडी उलटी घेऊन बोटीत चढवायची. "घ्या, घ्या, अजून घ्या, बस्स!" असं ओरडणारा खलाशी आपल्या बंपरला आणि मागच्या टेम्पोला एकाच वेळी हात लावून उभा असतो. मग कमरेला पैशांचं पाकीट लावलेला तिकीटवाला काचेशी वाकतो.

"गाडीत किती माणसं?"

"चार," आमचे बंधुराज.

"नि मागे ते?"

"ती झोपलीत."

"झोपलेली धरायची नसतात काय?" तिकीटवाल्याने शांतपणे विचारलं. वहिनीने तेवढ्यात मांडीवरचं बोचकं सावरत विचारलं, "कडेवरचं पोर धरायचं का हो?" त्याने पोराकडे, हापूसचा व्यापारी पेटीतल्या फळाकडे पाहतो तसं, एक डोळा बारीक करून पाहिलं. "दात आलेत?" वहिनी म्हणाली, दोन. "मग राहू दे." देशोदेशीच्या तज्ज्ञांनी घासाघीस करून ठरवलेली वयोमर्यादा त्याने दातांवर मोजली, आणि उत्तर तेच आलं.

गाडीच्या तिकिटात ड्रायव्हर आपसूक धरलेला असतो. म्हणजे आमचा भाऊ त्या दिवशी प्रवासी नव्हता, गाडीचा एक भाग होता, जसं स्टिअरिंग. इंग्लंडात डोव्हरहून फ्रान्सला जाणाऱ्या फेरीबोटींवर उलट पद्धत आहे. तिथे मालाच्या ट्रकचा ड्रायव्हर प्रवाशांत मोजतात. बटाटे घेऊन निघालेला माणूस नि सहलीला निघालेला माणूस, दोघे एकाच रकान्यात. त्यामुळे दोन देशांच्या प्रवाशांची तुलना करायला बसणाऱ्याने आधी ड्रायव्हर कुठे गेले ते विचारावं.

पलीकडच्या कठड्याला एक मासेविक्रेती मावशी टेकली होती. तिचं तिकीट झालं, मग तिकीटवाल्याने तिच्या पाटीकडे बोट दाखवलं. मावशी उसळली. "पाटीचं कशाला रे? पाटी काय आपल्या पायान चालत आली?" तो म्हणाला, पोरही चालत आलं नाही, पण ते खाली ठेवलेलं नाही. हा मुद्दा मला पटला नाही, मावशीला त्याहून नाही, पण तिने पैसे दिले. दरपत्रकावर टोपली असते, शेळी असते, गुरं असतात. म्हणजे दोन दात आलेला आमचा भाचा जिथे शून्य, तिथे बांगड्यांची पाटी हिशेबात येते. हे मात्र लक्षात घ्यायला हवं की तिकीटवाला माणसं मोजतच नाही. तो पैसे मोजतो. त्यातून माणसांचा आकडा आपोआप निघतो, एवढंच. तो आकडा पुढे बंदर खात्याकडे जातो. अशा सगळ्या बंदरांच्या आकड्यांचं 'बेसिक पोर्ट स्टॅटिस्टिक्स ऑफ इंडिया' नावाचं जाडजूड पुस्तक दिल्लीचं बंदरं-नौवहनाचं मंत्रालय काढतं. त्यात प्रवाशांचे दोन रकाने असतात: चढलेले आणि उतरलेले.

या दोन रकान्यांनी माझी झोप घालवली. ही आमची मावशी सकाळी एका धक्क्यावर चढते, दुसऱ्यावर उतरते. दुपारी पाटी रिकामी करून परत चढते, परत उतरते. दोन्ही काठांचे कागद एकत्र केले की ती एकटी बाई एका दिवसात चार प्रवासी होते. सणासुदीला दोन खेपा केल्या की आठ. एखाद्या मंत्र्याने 'खाडीतून इतके लाख प्रवासी' असं सांगितलं की त्यातले निम्मेअधिक लाख त्याच पंचवीस-तीस ओळखीच्या चेहऱ्यांचे असणार, असं मला उगाच वाटत राहतं. हा आपल्याकडचाच घोळ नव्हे. युरोपातल्या देशांची आकडेवारी गोळा करणारं युरोस्टॅट हे खातं आहे, तेही कबूल करतं की एकाच देशातल्या दोन बंदरांमध्ये प्रवास झाला की तोच माणूस दोन्हीकडून दोनदा येतो. त्यांच्या व्याख्येतही, बरं का, कडेवरची पोरं वगळलेली आहेत. तिकडे दातांचं काय करतात, ते लिहिलेलं नाही.

चढलेले आणि उतरलेले हे दोन आकडे शेवटी सारखे यावेत, अशी कुणाचीही भाबडी अपेक्षा. रत्नागिरी बंदराने ती कधीच पुरी केली नाही. ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८६ मध्ये राण्या, राजकन्या आणि लवाजम्यासकट बोटीने इथे उतरला. उतरलेल्यांच्या रकान्यात इंग्रजांनी त्याला घेतलं असणार, कारण इंग्रज काही विसरत नसत. पण तो चढलाच नाही. बायाबापड्यांनी समुद्राकडे बघत दिवस काढावेत तसे त्याने टेकडीवरून तीस वर्षं काढली. १९१० मध्ये त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला, १९१६ मध्ये तो वारला, आणि इथेच राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटनविषयक व्याख्येप्रमाणे पाहुणा एक वर्षाच्या आत परतला तरच पाहुणा. त्यापुढे तो रहिवासी. त्या हिशेबाने थिबा १८८७ मध्येच रत्नागिरीकर झाला. आज त्याचा राजवाडा बघायला येणारे पर्यटक, आणि तो स्वतः मात्र रहिवासी.

उलट दिशेचा तोटाही या बंदराने पुष्कळ सोसला. १८८१ च्या शिरगणतीत मुंबईत राहणारे पण रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले लोक सव्वा लाखाच्या घरात भरले. तेव्हा आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भागही आमच्याच जिल्ह्यात होता, म्हणून थोडे मालवण-वेंगुर्ल्याकडे वळते करायला हरकत नाही. गिरण्यांत, गोदीत, घरगड्याच्या कामात गेलेली ही माणसं. चढले खूप, उतरले कमी. जे उतरले ते शिमग्याला आणि गणपतीला, तेही पंधरा दिवसांचे.

त्या काळच्या आगबोटीवर चढणं-उतरणं ही मुळात एका क्षणाची गोष्टच नव्हती. रत्नागिरीला बोट बाहेर नांगर टाकून उभी राही नि पडाव तिच्याकडे जात. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या मंडळींकडून ऐकलेलं वर्णन असं: पडाव लाटेवर वर आला की बोटीच्या दारातला खलाशी ओरडायचा, "टाक पाय!" त्या वेळी पाय टाकायचा. विचार करत बसलात की पडाव खाली आणि तुम्ही दोन्हींच्या मध्ये. ट्रंका वरून खाली यायच्या, वळकट्या यायच्या, फणस यायचे, आणि पोरं एका खलाशाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात झेलत यायची. या सगळ्यात माणूस उतरला कधी म्हणायचं? बोट सोडली तेव्हा, पडावात बसला तेव्हा, की गुडघाभर पाण्यातून वाळूवर येऊन त्याने पहिली शिवी हासडली तेव्हा? बंदरावरच्या कारकुनाने बहुतेक तिसरी खूण धरली असावी. ती लांबूनही ऐकू येते.

आता नव्या प्रकारचे प्रवासी येऊ घातलेत. क्रूझचे. दिल्लीने २०२४ मध्ये 'क्रूझ भारत मिशन' काढलं, २०२९ पर्यंत क्रूझ प्रवासी दुप्पट करायचे म्हणून. आमच्या भगवती बंदरात क्रूझ टर्मिनल व्हायची योजना आहे. रत्नदुर्गाच्या पायथ्याशी सात मजली पांढरी बोट उभी राहील, त्यातून टोप्या घातलेली माणसं उतरतील, थिबा पॅलेस बघतील, आंबापोळी घेतील, कोकम सरबत पिऊन तोंड वाकडं करतील आणि संध्याकाळी बोटीवर परत. यांना काय म्हणायचं, याचा जगात फार सखोल विचार झालेला आहे. ज्या बंदरात त्यांचा प्रवास सुरू होतो किंवा संपतो, तिथले ते चढले-उतरलेले. मधल्या बंदरात ते नुसते खाली येऊन गेलेले, म्हणजे फेरफटकेवाले. त्यांची मोजणी निराळी. आणि पर्यटनाच्या आकडेवारीत तर ते पर्यटकही नव्हेत. रात्री झोपायला ते आपल्या केबिनमध्ये जातात, आणि त्या देशात रात्र काढल्याशिवाय पर्यटक ही पदवी मिळत नाही. त्यांना 'एका दिवसाचे पाहुणे' असं वर्गीकरण लागतं.

संयुक्त राष्ट्रांच्या त्याच व्याख्येत पर्यटनाचे जे रीतसर उद्देश सांगितलेत, त्यात नातेवाईक-मित्रमंडळींकडे जाणं हाही एक आहे. म्हणजे मे महिन्यात डोंबिवलीहून येऊन आमच्या ओटीवर पंधरा दिवस पंखा लावून झोपणारा, पेटीतले पिकलेले आंबे हुडकून खाणारा, आणि जाताना "यंदा आंबा जरा आंबटच आहे नाही?" असं म्हणून फणसाचे गरे बांधून नेणारा आमचा चुलतभाऊ हा अस्सल, शंभर टक्के पर्यटक आहे. डॉलर खर्चून राजवाडा बघून गेलेला अमेरिकन नाही. मी हे चुलतभावाला सांगितलं. तो म्हणाला, मग शासनाची पर्यटकांसाठी काही योजना असेल तर बघ.

थट्टा एका जागी थांबते. १७ जुलै १९४७ ला मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट पावसाळी समुद्रात काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेच्या वर माणसं गेली. नेमकी किती, ते आजही वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं वाचायला मिळतं. कोकणातल्या कित्येक घरांत त्या दिवशी एक पान कमी झालं आणि ते कायमचं. त्याआधी, १९२७ मध्ये 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. अशा वेळी 'चढले किती' हा प्रश्न मंत्रालयाचा राहत नाही. धक्क्यावर उभा राहिलेला प्रत्येक माणूस तोच एक प्रश्न विचारत असतो, आणि त्याला एकूण आकडा नको असतो.

इतरांनीही हे असंच शिकून घेतलं. १९८७ मध्ये बेल्जियमच्या झीब्रुग बंदराबाहेर 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही फेरीबोट पुढचं दार उघडं राहून आडवी झाली, १९३ माणसं दगावली, आणि बोटीवर एकूण किती जण होते ते कुणाला धड सांगता येईना. १९९४ मध्ये बाल्टिक समुद्रात 'एस्टोनिया' बुडाली, ८५२ गेले. त्यानंतर युरोपने नियम केला: निघण्यापूर्वी प्रत्येक बोटीवरची डोकी मोजायची, आणि वीस सागरी मैलांच्या पुढे जायचं असेल तर नावंही लिहायची. यात तान्ही पोरंही धरतात, कारण इथे हिशेब तिकिटाचा नसतो. आपल्याकडे १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि पंधराजण गेले, तेव्हाही पहिल्या बातमीपासून आकडे बदलत राहिले. परवान्यात लिहिलेल्यापेक्षा जास्त माणसं त्या बोटीवर होती. परवान्यातली संख्या एक, तिकिटांची दुसरी, नि फळीवर प्रत्यक्ष उभ्या असलेल्यांची तिसरी. एरवी हे तीन आकडे एकमेकांना कधी भेटत नाहीत आणि कुणाचं अडत नाही.

आमची खाडी वीस सागरी मैलांची नाही, त्यामुळे नावं लिहायचा नियम इथे आला असता तरी लागला नसता. पण कोकणात त्याची गरज तरी काय? तिकीटवाल्याने पैसे घेतले, सुटे दिले, आणि मग कठड्याला रेलून सहज विचारलं, "कुणाकडे?"

"हेदवीला, आत्याकडे."

"आत्या म्हणजे ती देवळामागची? घराच्या पाठी रातांबा आहे ती?"

"हो."

"यजमान बरे आहेत का आता तिचे? पावसात पडले होते ना?"

ही माहिती जगातल्या कुठल्याही प्रवासी-नोंदवहीत मावणार नाही. कुठून, कुठे, कशासाठी, नातं काय, घर कुठलं, घरधन्याचा गुडघा कसा. संयुक्त राष्ट्रांनी वर्गवारी करून मागितलेलं सगळं त्याने अर्ध्या मिनिटात भरून घेतलं होतं. फक्त ते लिहून दिल्लीला पाठवायचं त्याला कधी सुचलं नाही. गणपतीत तर तो मूर्ती मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला तिकीट देताना मूर्ती कुणाच्या शाळेतली, हेही विचारतो. मूर्तीचं तिकीट नसतं. असतं तर तिथेही चढलेले नि उतरलेले यांचा मेळ बसला नसता, कारण परतीला सगळे पाटच येतात.

हे फार दिवस टिकणार नाही म्हणतात. रेवस-रेड्डी सागरी महामार्ग व्हायचाय, आणि त्यात खाड्यांवर पूल आहेत, जयगडच्या खाडीवरसुद्धा. पूल झाला की सोय होईल, यात वाद नाही. रात्री-अपरात्री पेशंट न्यायचा असेल तर खाडीच्या काठावर बोट बंद झालेली बघत बसण्यातलं काव्य मला तरी दिसत नाही. पण मोजणीचं मात्र सगळं उलटंपालटं होणार. रस्त्यावर माणसं मोजतच नाहीत, वाहनं मोजतात. रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून एक मनुष्य सलग सात दिवस, चोवीस तास, पाळीपाळीने बसतो आणि चार उभ्या रेघा नि पाचवी आडवी असं करत जातो. मग त्या रेघांचं रूपांतर मोटारींमध्ये करायचं. इंडियन रोड्स काँग्रेसने त्याचं कोष्टक दिलेलं आहे. मोटार म्हणजे एक. सायकल म्हणजे अर्धी मोटार. एसटी म्हणजे तीन मोटारी. लहान बैलगाडी सहा, आणि मोठी बैलगाडी आठ. हे ती रस्ता किती अडवते त्यावरून काढलेलं आहे, आणि बैलांच्या मागून ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना आठ हा आकडा कमीच वाटेल.

म्हणजे पुलावरून आमची मावशी एसटीत बसून गेली, की खाडीत जी एकटी रोजची चार प्रवासी होती, ती तीन मोटारींच्या पन्नासाव्या हिश्शाइतकी उरणार. पाटी तर टपावर, तीही गेली. भाचा तोवर मोठा होईल, दात सगळे आलेले असतील, मोटारसायकल घेईल, मोटारसायकल अर्धी. म्हणजे शून्यावरून अर्ध्यावर येईल, तेवढी प्रगती.

हेदवीला पोचल्यावर मी हे कोष्टक आत्याला वाचून दाखवलं. तिने रातांबे फोडता फोडता सगळं ऐकून घेतलं आणि आतल्या बाजूला हाक मारली, "अहो, ऐकलंत का? ती जुनी बैलगाडी मोडीत काढू नका. पुलाच्या मोजणीला न्यायची आहे."